मेल आली नाही, म्हणजे सगळं ठीक?



परवा एका मित्राने विचारलं, "नागिओस नव्याने बसवतोय, पहिला चेक कशाचा लावू?" त्याला वाटलं मी डिस्क किंवा सीपीयू म्हणेन. मी म्हटलं, बॅकअपचा. त्यामागची गोष्ट जरा लाजिरवाणी आहे, पण आपल्या माणसांत सांगायला काय हरकत आहे?

२००७ साली मी न्यू जर्सीत एका छोट्या कंपनीत होतो. सर्व्हर अकरा, सांभाळणारा मी एकटा. नागिओस मीच बसवला होता आणि त्याचा मला भारी अभिमान! ज्यांचा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नागिओस स्वतः फारसं काही तपासत नाही. तो ठरल्या वेळी छोटे छोटे प्लगिन चालवतो आणि प्रत्येक प्लगिन जाताना एक आकडा ठेवून जातो. ० म्हणजे ओके, १ वॉर्निंग, २ क्रिटिकल, आणि ३ म्हणजे काही कळलं नाही. एकदा गडबड दिसली म्हणून तो लगेच बोंब मारत नाही. आपण सांगितलं असेल तितक्या वेळा पुन्हा बघतो (तोवर स्थिती 'सॉफ्ट'), आणि तरीही तेच दिसलं तर 'हार्ड' धरून मेल नाहीतर पेजर.

डिस्क, मेमरी, वेब सर्व्हर, सगळं हिरवंगार. बॅकअप मात्र नागिओसमध्ये नव्हता. त्याची स्क्रिप्ट रात्री दोनला क्रॉनमधून चालायची आणि रोज "बॅकअप यशस्वी" अशी मेल यायची. रोज तीच ती मेल कोण वाचणार? मी शहाणपणा केला. स्क्रिप्टला सांगितलं, बिघडलं तरच मेल पाठव. मेलबॉक्स शांत झाला, मीही शांत झालो.

मग एका मंगळवारी दुपारी ऑर्डरच्या डेटाबेसमधलं एक टेबल कुणाच्या तरी हातून उडालं. "घाबरू नका, बॅकअप आहे," मी छाती काढून सांगितलं. फोल्डर उघडलं तर शेवटची फाइल १९ दिवसांपूर्वीची! मशीन बदललं तेव्हा क्रॉनमधली ती एक ओळ नव्या मशीनवर न्यायला मीच विसरलो होतो. स्क्रिप्ट चाललीच नाही, म्हणून बिघडलीही नाही, म्हणून मेलही आली नाही.

१९ दिवसांच्या ऑर्डरी छापील कागदांवरून पुन्हा भराव्या लागल्या. ऑर्डर विभागातल्या एक बाई दोन रविवार मुलाला शेजारी ठेवून आल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उपाय नागिओसमध्ये आधीपासून होता, मी वाचला नव्हता. बॅकअपसाठी 'पॅसिव्ह चेक' लावायचा, म्हणजे नागिओसने विचारायला जायचं नाही, काम झालं की स्क्रिप्टनेच आकडा कळवायचा. त्याला 'फ्रेशनेस थ्रेशोल्ड' द्यायचा. मी ९३६०० सेकंद दिला, म्हणजे २६ तास. दिवसाचे २४ आणि उशिराला माफी दोन तासांची. तेवढ्यात खबर आली नाही तर नागिओस त्या चेकला जोडलेली कमांड स्वतः चालवतो. तिथे मी 'चेक_डमी' ठेवला. हा पठ्ठ्या काहीही न तपासता सरळ २ परत देतो आणि पेजर वाजतो: "बॅकअपची खबर नाही." जोडीला 'चेक_फाइल_एज', कारण फाइल ताजी असली तरी रिकामी असू शकते. ती फाइल खरंच उघडते का, हे महिन्यातून एकदा मी हातानेच बघतो. आणि नागिओसच बंद पडला तर? म्हणून त्याच्यावर नजर ठेवायला दुसरं मशीन.

त्याच हिवाळ्यात बहिणीच्या बोलण्यातून कळलं की मिरजेला बाबा जिन्यावरून घसरले होते, आणि त्याला महिना होऊन गेला होता. दर रविवारी माझा फोन असायचा आणि दर रविवारी आई म्हणायची, "सगळं ठीक आहे रे." विचारलं तर म्हणाली, "तू एवढा लांब, उगाच जिवाला घोर कशाला?" शेजारच्या काकूंनाही मी सांगून ठेवलं होतं, काही झालं तर कळवा. बिघडलं तरच मेल! तीच स्क्रिप्ट मी घरीही लावून आलो होतो.

मग ठरवलं. आईने रोज सकाळी सातला मला मिस्ड कॉल द्यायचा. आमच्याकडे तेव्हा आदल्या रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेनऊ. आला की मी उचलायचा नाही. नाही आला तर अर्धा तास थांबून मी फोन करायचा, आणि तोही कुणी उचलला नाही तर काकूंना. बहुतेक वेळा लोडशेडिंगमुळे मोबाइल बंद पडलेला असायचा. एकदा मात्र तसं नव्हतं. काकू वेळेत वर पोचल्या.

तर मंडळी, तुमच्या शेवटच्या यशस्वी बॅकअपची तारीख न बघता सांगता येते का? येत नसेल तर आजच बघा. आणि मग घरीही एक फोन करा.

चूभूद्याघ्या. लोभ असावा.