फुल बाह्यांचे शर्ट

4 ऑक्टोबर, तिवसा
दसऱ्याचं सोनं द्यायला आलेला दोस्त अजून आमच्याकडेच आहे. नाव लिहीत नाही, ही वही घरात कुणाच्याही हाती लागते. धाकट्याचा पाचवीपासूनचा जोडीदार. यंदा दोघंही दहावीला. सकाळी दोघं अंगणात दात घासत होते, तेवढ्यात फाटकाशी दोस्ताच्या बापाची गाडी थांबली. दोस्त गुपचूप न्हाणीत शिरला. "वहिनी, पोट्टं आलं का इकडं?" मी तोंड उघडायच्या आत धाकटा बोलला, "नाई काका, ट्युशनले गेला असन." तेही नजर वर करून. पोरगा इतक्या सफाईनं खोटं बोलतो हे मला आजच कळलं. रागवावंसं काही वाटलं नाही.

5 ऑक्टोबर
कारण समजलं. सोंगून ठेवलेली सोयाबीनची गंजी पावसात भिजली. ताडपत्री टाकायचं काम दोस्ताकडे होतं, आणि पाऊस आला तेव्हा तो ट्युशनमध्ये. जेवताना त्याची बाही वर सरकली. दंडावर जोडीजोडीनं लाल-काळ्या रेघा, दोन रेघांच्या मधली कातडी मात्र साफ. ठिबकच्या नळीचा मार असाच उठतो. "गाडीवरून पडलो काकू," तो म्हणाला. धाकट्यानं लगेच वरणात मीठ कमी असल्याची तक्रार काढली. मीठ बरोबर होतं.

रात्री कपडे घडी करताना लक्षात आलं. शाळा सुरू झाल्यापासून धाकट्यानं फुल बाह्यांचेच शर्ट धरलेत. या उकाड्यात कशाला, म्हणून मी रोज ओरडायचे. वर्गात दोस्त एकटाच तसा दिसू नये, म्हणून! पीटीच्या तासालाही दोघं मिळून ड्रेस विसरतात आणि दोघं मिळून मैदानाच्या चकरा मारतात.

7 ऑक्टोबर
गल्लीतल्या एकीजवळ विषय काढला. पहिला प्रश्न, "पेते का थो?" नाही, पीत नाही. साधं सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. "मंग पोराच्या भल्यासाठीच मारत असन." झालं. आमच्याकडे बाप दारुडा असेल तरच पोराची कीव करायची. नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. तिकडच्या बापांचे हात तेवढ्यानं थांबले असतील असं मला वाटत नाही. अंगणवाडीच्या एका प्रशिक्षणात केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा 2007 चा अभ्यास सांगितला होता: घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी जवळपास 89 टक्क्यांना मारणारे आईबापच. आम्ही सगळ्या सेविकांनी तो आकडा वहीत उतरवला. मग चहा आला.

9 ऑक्टोबर
धाकट्याला म्हटलं, मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला फोन लावू. फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो. पालकानं मुलाला क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही मीच सांगून बसले. तिथंच बिनसलं. "काकाले आत टाकलं त सोयाबीन कोण काढन? ताई बारावीले हाय त्याची." हा हिशोब दोस्ताचा, बोलत होता धाकटा. "मी शब्द देल्ला हाय त्याले, आई."

मार खाणाराच बापाची वकिली करतो. आणि धाकटा ती मुकाट ऐकतो, त्याच्यापुढे काकांबद्दल एक वाकडा शब्द काढत नाही. माझ्यापुढे काढतो, पोटभर.

11 ऑक्टोबर
मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली. दोघं पोरं जाऊन आली. गर्दीत काका दिसले म्हणे, हात जोडून, डोळे मिटून. "बाबा दरवर्षी येते काकू. रडते तिथं," दोस्त म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. मला काय बोलावं सुचेना.

रात्री दोघांना समोर बसवलं. फोन मी करणार, तुमच्यादेखतच करणार. काय सांगायचं ते दोस्तानं ठरवावं. धाकटा ताडकन उठून गच्चीवर गेला. दोस्त जागचा हलला नाही.

14 ऑक्टोबर
फोन झाल्यावर आज अमरावती, बाल कल्याण समिती. एसटीत धाकटा माझ्यापासून चार सीट लांब बसला. बोलणं बंदच आहे. समितीतल्या बाईंनी दोस्ताला एकट्यानं बोलशील का विचारलं. "हा बसन त बोलतो." बसू दिलं. दोस्तानं सुरुवात "पडलो" पासूनच केली. बाई लिहीत राहिल्या, टोकलं नाही. धाकटा हळूच म्हणाला, "नळीचं सांग बे." मग पाऊण तास दोस्तच बोलत होता. चौथीतली एक गोष्ट तर धाकट्यालाही माहीत नव्हती. तो माझ्याकडे बघायला लागला.

दोस्त तूर्त मामाकडे, कुऱ्ह्याला. बापाला समुपदेशनाला बोलावलंय. दिवाळीनंतर सगळ्यांनी पुन्हा हजर व्हायचं.

16 ऑक्टोबर
संध्याकाळी काका फाटकाशी आले. गाडीवरून उतरले नाहीत. "माह्यं घर फोडलं तुवा," धाकट्यालाच म्हणाले. मी पुढे झाले, पण धाकटा कडी धरून उभाच. पाय थरथरत होते त्याचे. "काका, सोयाबीन काढाले मी येतो. त्याले मामाकडंच राहू द्या."

काकांनी काही न बोलता गाडी वळवली. थोड्या वेळानं त्यांच्या मुलीचा फोन आला: थ्रेशर उद्या आठला येतंय. धाकट्याला एकट्याला पाठवणार नाही. अंगणवाडीला सुटी टाकली आहे, मीही जाते.