मला आता ती अंगठी पटत नाही

गेल्या श्रावणात नात आमच्या भोपाळमधल्या अवधपुरीच्या घरी आठवडाभर राहून गेली आणि जाताना एक इंग्रजी कादंबरी विसरली. बाहेर पावसाची झड लागली होती. मी ती कादंबरी उघडली आणि दोन दिवसांत संपवली. प्रणयकथांच्या बाजारात या प्रकाराला ‘सीक्रेट बेबी’ म्हणतात, हे नंतर तिच्याकडूनच कळलं. दोघं दुरावतात, तिला दिवस गेलेले असतात, त्याला पत्ता नसतो. पाच-सहा वर्षांनी तो परत येतो तेव्हा अंगणात त्याच्याच डोळ्यांचं पोर खेळत असतं.

पुस्तकाचं नाव लिहीत नाही. मला ते अजिबात आवडलं नाही, आणि राग दोघांचाही आला. तिने त्याला एक पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, म्हणून पाच वर्षं तोंड मिटून बसली. त्याला कळलं तेव्हा ‘तू एकटीने कसं निभावलंस?’ असं त्याने एकदाही विचारलं नाही. ‘माझ्यापासून लपवलंस?’ हाच त्याचा पहिला प्रश्न, मग कोर्टाची धमकी, आणि तीन प्रकरणांनी लग्न. मुलगा तर फक्त या दोघांचे हात एकमेकांच्या हातात देण्यापुरता. शेवटी उलगडा असा, की ते पत्र नायकाच्या सेक्रेटरीने दाबून ठेवलं होतं. म्हणजे त्याच्याकडे काही दोष नाही, तिच्याकडेही नाही. दोघं मोकळे.

नातीला फोन करून मी म्हटलं, “अगं, हीच गोष्ट कालिदासाने लिहून ठेवली आहे. ती वाच, म्हणजे प्रेम काय असतं ते कळेल.” तिने अनुवाद मिळवून वाचला. दहा-बारा दिवसांनी तिचा फोन आला. “आजी, इथेही पत्रच हरवलंय ना? फक्त ते अंगठीच्या रूपात आहे.”

मी तिच्यावर चिडले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शाकुंतल माझ्या घरातलं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. पुढे १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेला, शकुंतला म्हणूनच. माझी आई त्या नाटकातली पदं स्वयंपाक करता करता म्हणायची. लग्नानंतर मी भोपाळला आले. यांची नोकरी भेलमध्ये, क्वार्टर पिपलानीला, आणि मी शाळेत संस्कृत शिकवायचे. उज्जैनला कार्तिकात कालिदास समारोह भरतो, १९५८ पासून. तिथे मी कितीदा गेले याचा हिशेब नाही. वर्गात चौथा अंक शिकवताना, कण्व मुलीला निरोप देतात तिथे, माझा आवाज दर वर्षी भरून यायचा. तो अंक मला आजही तितकाच प्रिय आहे.

पण पाचव्या अंकावर, राजा शकुंतलेला ओळखत नाही तिथे, मी कधी थांबले नाही. एका वर्षी दहावीतल्या एका मुलीने विचारलं होतं, “मॅडम, राजाला आठवत नव्हतं हे त्याच्या सोयीचं नव्हतं का?” वर्ग हसला. मी तिला म्हटलं, “शाप आहे तो, नीट वाच,” आणि बसायला सांगितलं. त्या वर्षी तिने पुन्हा काही विचारलं नाही.

नातीच्या फोननंतर मी महाभारताचं आदिपर्व काढलं. संभवपर्वातली शकुंतला मी पूर्वी वाचली नव्हती असं नाही. ओबडधोबड मूळ कथा म्हणून मी ती बाजूला ठेवली होती. कालिदासाने तिचं सोनं केलं, असं वर्गात सांगतही होते. या वेळी सावकाश वाचली.

तिथे शाप नाही, अंगठीही नाही. लग्नाआधीच शकुंतला अट घालते की माझा मुलगा युवराज झाला पाहिजे. चतुरंग सेना पाठवून तुला घेऊन जाईन, असं सांगून राजा जातो आणि कोणालाच पाठवत नाही. मुलगा सहा वर्षांचा होतो, सिंह-वाघ झाडाला बांधतो, तेव्हा ती त्याला घेऊन दरबारात जाते. दुष्यंत म्हणतो, मला काही आठवत नाही. आणि व्यास तिथेच सांगतात की त्याला सगळं आठवत होतं.

मग ती बोलते. बायको म्हणजे काय, मुलगा म्हणजे काय, हजार अश्वमेधांपेक्षा सत्य कसं जड आहे, हे ती भरसभेत त्याला ऐकवते. तो तिच्या आईचा, मेनकेचा, अपमान करतो. तेव्हा तुझ्या-माझ्यात मोहरी आणि मेरू पर्वताएवढं अंतर आहे, असं ती त्याला सुनावते. तुझ्याशिवायही माझा मुलगा या पृथ्वीवर राज्य करेल, असं सांगून ती निघते. आकाशवाणी होते ती त्यानंतर. आणि राजा कबूल करतो: मला ठाऊक होतं, पण नुसत्या तिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती.

कालिदासाची शकुंतलाही पाचव्या अंकात राजाला अनार्य म्हणते, हे खरं. पण तिला शापाची वार्ताच नाही; ती जिवाभावाच्या मैत्रिणींनी, अनसूया-प्रियंवदेने, तिच्यापासून लपवलेली आहे. सातव्या अंकात राजा तिच्या पाया पडतो तेव्हा हे आपल्याच पूर्वकर्माचं फळ म्हणून ती दोष स्वतःकडे घेते. नंतर मारीच ऋषी शापाचं सांगतात आणि राजा निर्दोष ठरतो. इतकी वर्षं मला हा शेवट सुंदर वाटत होता. आता तिथे मला त्या सेक्रेटरीने दाबलेलं पत्र दिसतं. भाषा स्वर्गीय आहे, पण काम तेच आहे: पुरुषाने बायको आणि मूल टाकलं, तरी त्याने ते टाकलं असं म्हणता येऊ नये.

त्या कादंबरीतल्या नायिकेवरचा माझा राग उतरला आहे. ती बोलली असती तर तीनशे पानं उरली नसती, म्हणून लिहिणारीने तिची जीभ काढून घेतली. राग आहे तो त्यावर. कादंबरी वाईट आहे हे माझं मत कायम आहे. पण तिला हिणवण्यासाठी मी शाकुंतल पुढे केलं, ते चुकलं. त्या एका बाबतीत दोन्हींची चाल सारखी आहे.

दहावीतल्या त्या मुलीचं नाव मला आठवतं, पत्ता नाही. आता ती चाळिशीत असेल. तिचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर आदिपर्वात होतं. मी तिला ते सांगायला हवं होतं.