नगरचा पॅटन आणि घरातले उसाचे शेत

फज्रची नमाज आटोपून आम्ही पुण्याहून निघालो. अम्मींनी पराठे आणि अंड्याची भुर्जी डब्यात दिली होती. शिरूरला घोडनदीच्या पुलाअलीकडे चहा घेतला आणि ऊन वर यायच्या आत नगर गाठले. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. नातेवाईक नाहीत, लग्न नाही, तरी एवढा प्रवास कशासाठी, असे शेजाऱ्यांनी विचारले होते. रणगाडा बघायला, असे सांगितले तेव्हा ते हसले.

कारण आमच्या आठवीतल्या मुलाचे होते. दोन वर्षांपासून त्याला प्लास्टिकच्या सुट्या भागांतून छोटे रणगाडे जोडण्याचा आणि रंगवण्याचा नाद आहे. हे रणगाडे बहुधा १/३५ प्रमाणात असतात. खरा पस्तीस सेंटिमीटरचा भाग प्रतिकृतीत एका सेंटिमीटरचा. हा पस्तीसचा आकडा आला कुठून? जपानच्या शिझुओका शहरातील तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचा संच काढला. आत छोटी मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशेबाने आकार ठरला आणि पुढे तेच माप जगभर रूढ झाले.

शाळेत ‘आपले वीर’ या विषयावर प्रदर्शन ठरले, तेव्हा मुलाने परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद यांचा प्रसंग निवडला. त्यासाठी पॅटन रणगाडा हवा आणि १९६५च्या लढाईत पॅटन समोरच्या बाजूकडे होते. वर्गातला एक मुलगा म्हणाला, “तू पाकिस्तानचाच रणगाडा बनवणार, माहीत होतं.” तो चेष्टेत बोलला असेल. पण आमचे लेकरू घरी आले ते गप्प. जेवले नाही. अर्धवट जोडलेला पॅटन त्याने खोक्यात भरून पलंगाखाली सरकवला. आम्हाला राग आला, तरी त्या मुलाच्या घरी भांडायला गेलो नाही. म्हटले, आधी याला खरा पॅटन दाखवून आणू.

नगर हे चिलखती दलाचे गाव. इथल्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ साली रणगाडा संग्रहालय उभारले. सोलापूर रस्त्याच्या बाजूला, लष्करी हद्दीत, झाडांच्या आणि हिरवळीच्या मध्ये सुमारे पन्नास जुनी चिलखती वाहने ओळीने उभी आहेत. सर्वांत जुनी रोल्स रॉईसची चिलखती मोटार. पुढे ब्रिटिशांचा चर्चिल, जपान्यांचा हलका रणगाडा, आपला विजयंता. जपानी रणगाड्याचा पत्रा जेमतेम बारा मिलिमीटरचा. मुलाने त्यावर बोट ठेवून म्हटले, “अब्बा, एवढ्यावर विश्वास ठेवून माणसं आत बसायची?”

रणगाड्याला ‘टँक’ का म्हणतात, हेही त्यानेच आम्हाला सांगितले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हे यंत्र गुपचूप तयार होत होते. कामगारांना आणि हेरांना संशय येऊ नये म्हणून पाण्याची टाकी बनते आहे, असे सांगत. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ही ‘टाकी’ प्रथम रणांगणावर उतरली. नाव तेच राहिले.

मग पॅटन आला. अमेरिकन सेनापती जॉर्ज पॅटन यांचे नाव मिळालेला हा रणगाडा चाळीस टनांहून जड. समोर उभे राहिल्यावर त्याची तोफ डोक्याच्या वर जाते. मुलाने एका बाजूची सहा मोठी चाके मोजली, पट्ट्याच्या एका कडीचे माप वितीने घेतले, बुरुजाचा उतार वहीत काढला. त्याच्याकडचा संच एम-४७ पॅटनचा आहे. तोफेसह खरा साडेआठ मीटर, म्हणजे त्याच्या टेबलावर चोवीस सेंटिमीटर. आत पाच माणसे. प्रत्येक माणूस या मापात पाच सेंटिमीटरचा, करंगळीएवढा.

बराच वेळ बघून तो म्हणाला, “हा फार स्वच्छ आहे.” खरेच होते. रंग गुळगुळीत, चाकांना माती नाही, पट्ट्यांत गवताची काडी नाही. हा रणगाडा कुठे रुतला, कुणी अडवला, हे पत्र्यावर कुठेच दिसत नव्हते. त्याला पाहिजे होती ती गोष्ट रणगाड्यात नव्हती, खालच्या जमिनीत होती.

परतताना फराहबाग पाहिली. निजामशाहीत १५८३ साली पूर्ण झालेला हा अष्टकोनी महाल पूर्वी तलावाच्या मधोमध उभा होता. तिथल्या कोरड्या जमिनीकडे बघत मुलगा म्हणाला, “इथं पाणी असताना कसं दिसत असेल?” आम्ही म्हणालो, “तेच तर तुला घरी करायचंय.”

कारण असल उत्तरची लढाई पाण्याने आणि उसाने घडवली. पंजाबात खेमकरणजवळ आपल्या फौजेने शेतांत पाणी सोडले. उभ्या उसाआड रणगाडे आणि तोफा दडवल्या. जड पॅटन चिखलात मंदावले, काही रुतले. हवालदार अब्दुल हमीद हे चौथ्या ग्रेनेडिअर्सचे. गाजीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, शिंप्याच्या घरातले. चीमा गावाजवळ ते जीपवरची रिकॉइललेस तोफ चालवत होते. या तोफेचा धूर आणि जाळ मागच्या बाजूने बाहेर पडतो, म्हणून तिचा धक्का साध्या जीपलाही झेपतो. पण प्रत्येक गोळ्याबरोबर मागे धुरळा उठतो आणि शत्रूला जागा कळते. म्हणून एक गोळा मारायचा, जीप हलवायची, पुन्हा लपायचे. अशा रीतीने त्यांनी एकामागून एक पॅटन निकामी केले आणि १० सप्टेंबर १९६५ रोजी तिथेच शहीद झाले. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते.

रस्त्यात एका उसाच्या शेताजवळ गाडी थांबवली. मुलगा पिशवीत माती भरू लागला आणि लगेच थांबला. “ही काळी आहे. तिकडची फिकट, गाळाची.” तरी थोडी घेतली. ऊस मात्र त्याने नीट बघितला. सुकलेले पाचट खाली कसे लोंबते, चाक गेलेल्या जागी ऊस मोडतो की आडवा होतो, हे सगळे वहीत उतरले.

त्या रात्री पलंगाखालचे खोके बाहेर आले.

पुढचा दीड महिना आमच्या घरात कसा गेला ते सांगतो, कारण कुणाच्या मुलाला असे काही करायचे असेल तर उपयोग होईल. फळीवर थर्माकोल चिकटवून त्याने जमिनीचा चढउतार केला. त्यावर भिंतीची पुट्टी, बारीक चाळलेली वाळू आणि फेविकॉल यांचा लेप. लेप ओला असतानाच रणगाड्याचे पट्टे त्यात दाबून चाकोऱ्या उमटवल्या, कारण वाळल्यावर कोरलेली चाकोरी खोटी दिसते. गवतासाठी काथ्याचे तुकडे, पालापाचोळ्यासाठी वापरून धुऊन वाळवलेली चहापत्ती. उसासाठी खराट्याच्या काड्या, साडेआठ सेंटिमीटर उंच, म्हणजे खऱ्यात तीन मीटर. पाने रंगवलेल्या कागदाची. दोनशेच्या वर ऊस झाले. पाने कापायला सगळे घर बसत होते.

रणगाड्यावर आधी अस्तराचा रंग, मग हिरवा. मग अगदी पातळ तपकिरी-काळा रंग, जो खाचांत उतरून थांबतो आणि कडा वेगळ्या दाखवतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडांवर फिकट रंग आणि चाकांवर खडूची पूड. पाण्यासाठी पारदर्शक रेझिन आणले. पहिल्यांदा आम्ही घाई करून सगळे एकदम ओतले. ते तापले, बुडबुडे धरले आणि मध्ये तडा गेला. खरवडून काढताना चार दिवसांचे काम गेले. दुसऱ्यांदा पातळ थर दिले, एक सुकला की दुसरा.

मग माणसांचा प्रश्न आला. संचात छोट्या सैनिकांचे भाग होते. अम्मी शांतपणे म्हणाल्या, “बेटा, मशीन बनव, शेत बनव. माणसाचे पुतळे घरात कशाला?” मुलाने हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची आणि पंखांच्या घोड्याची हदीस सांगितली. अम्मींना ती ठाऊक होती. त्या म्हणाल्या, “ती खेळणी होती. हे तू कपाटावर सजवून ठेवणार.” याबाबत आलिमांची मते वेगवेगळी आहेत आणि आम्ही काही निकाल देणारे नव्हे. घरातल्या मोठ्यांच्या मनाला खटकते, एवढे पुरेसे होते. मुलगा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याने देखावा बदलला.

आता जीप रिकामी आहे. पण तिच्या मागे चाकोऱ्या आहेत. उसात एका जागी थांबून वळलेल्या, दुसऱ्या जागी थांबून वळलेल्या, तिसऱ्या जागी येऊन संपलेल्या. प्रत्येक थांब्यामागे धुराने काळवंडलेले पाचट. माणूस दिसत नाही, पण तो कसा लढला ते जमिनीवर वाचता येते. समोर पॅटन अर्धा पाण्यात, झाकण बंद.

त्या बंद झाकणावर शेवटचा रंग देताना मुलाने विचारले, “आतले पाचजण पण कलमा पढणारे असतील ना?” हातातली पाने खाली ठेवून आम्ही एकमेकांकडे पाहिले. उत्तर अम्मींनी दिले. “असतील. त्यांचा हिशेब अल्लाहकडे. अब्दुल हमीदनी आपल्या फौजेला शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द पाळा, असं कुरआनातच सांगितलंय.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “त्यांच्याही माया वाट बघत असतील.”

प्रदर्शनात देखाव्यापुढे पाटी होती: ‘असल उत्तर, १० सप्टेंबर १९६५.’ तो वर्गमित्रही आला. वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “जीपमधला माणूस कुठंय?” आमच्या मुलाने त्याला बोटाने पहिली चाकोरी दाखवली, मग दुसरी, मग तिसरी. “आणि रणगाडा कुणाचा?” या प्रश्नाला त्याने सरळ सांगितले, “पाकिस्तानचा. यांनी अडवलेला.” दोघांनी मिळून उरलेले ऊस मोजले. एवढेच घडले. माफी वगैरे कुणी मागितली नाही, आम्हीही अपेक्षा धरली नव्हती.

देखावा आता बैठकीतल्या कपाटावर आहे. अम्मी जुन्या कुंचल्याने त्यावरची धूळ झाडतात. जीपवरची धूळ मात्र झाडू देत नाही तो. ती त्याने मुद्दाम लावली आहे.