मॉरिशसला निघण्यापूर्वी

लखनौ,
डिसेंबरचा दुसरा आठवडा

चि. मृण्मयी,



तुमच्या मॉरिशसच्या सहलीचं वेळापत्रक मिळालं. समुद्र भरपूर आहे, आणि तो असायलाच हवा. पण पांपलमूसच्या बागेपुढे तू ‘जमलं तर, दोन तास’ असं लिहिलं आहेस, आणि क्युरपीपच्या बागेचं तर नावच नाही. हे फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. विमानात वाचलंस तरी चालेल.

तू इथे येतेस तेव्हा आपण सिकंदरबागेच्या वनस्पती उद्यानात जातो. तुला ती फिरायला छान जागा वाटते. सकाळी पास दाखवून आत येणाऱ्या बहुतेक लखनौकरांनाही तसंच वाटतं. मला मात्र तिथे गेलं की प्रत्येक झाडापाशी एकच प्रश्न पडतो : याला इथे कोणी आणलं? बगीचा आणि वनस्पती उद्यान यांत मला दिसणारा फरक एवढाच. बगीच्यात झाड शोभेला लावतात. वनस्पती उद्यानातलं झाड कोणीतरी, कुठून तरी, काहीतरी मनात धरून आणलेलं असतं आणि त्याची नोंद ठेवलेली असते. ती नोंद वाचायची सवय मला इथे लागली. समुद्र इथून शेकडो कोस दूर, मे महिन्यात लू, जानेवारीत हाडं गोठवणारं धुकं; अशा गावात बेटांवरचे माड आणि नेचे जगवायचे म्हणजे त्यांच्यासाठी वेगळी घरं बांधावी लागतात. तसं पामगृह, नेचेगृह, सायकसांचं घर इथे आहे. १९५३ साली सीएसआयआरने ही बाग उत्तर प्रदेश सरकारकडून आपल्याकडे घेतली. कैलासनाथ कौल तिचे पहिले संचालक. १९७८ पासून ती राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. बागेची जमीन सुमारे २५ हेक्टर. मुळात ती नवाबांची बाग होती. वाजिद अली शाहने आपल्या सिकंदर महल बेगमेच्या नावाने इथे बांधकाम केलं.

आता बोगनवेलीकडे येते, कारण तुझ्या मॉरिशसचा आणि माझ्या लखनौचा धागा तिथे जुळतो. इथल्या शास्त्रज्ञांनी बोगनवेलीच्या नव्या जाती तयार केल्या, त्यांतल्या दोघींना ‘बेगम सिकंदर’ आणि ‘वाजिद अली शाह’ अशी नावं आहेत. ज्या जागेवरून नवाबाला इंग्रजांनी उठवलं तिथेच तो वेलीच्या रूपाने परत आला, याचा मला फार आनंद आहे. पण ही वेल मुळात ना लखनौची, ना हिंदुस्थानची. १७६७ साली फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला असताना त्याच्या ताफ्यातल्या कॉमेर्साँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने रिओ द जानेरोजवळ ती गोळा केली. कॉमेर्साँबरोबर एक मदतनीस होता. तो झाडं दाबायचा, सामान उचलायचा, डोंगर चढायचा. तो मदतनीस म्हणजे जान बारे नावाची बाई होती. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला मज्जाव, म्हणून ती पुरुषाच्या वेषात चढली होती. कॉमेर्साँचा पाय त्या काळात जखमेने बेजार होता, तेव्हा बोगनवेलीची ती फांदी प्रत्यक्षात बारेनेच तोडून आणली असावी, असं तिचं चरित्र लिहिणाऱ्यांपैकी काहींना वाटतं. मलाही तसंच वाटतं.

पुढे तिचं रहस्य उघड झालं आणि १७६८ मध्ये दोघं जहाजावरून उतरली. कुठे, तर मॉरिशसला. तेव्हा त्या बेटाचं नाव ईल द फ्रान्स होतं, आणि तिथला कारभारी प्वाव्र हा पांपलमूसच्या बागेचा कर्ता. त्याने दोघांना आश्रय दिला. १७७३ मध्ये कॉमेर्साँ तिथेच वारला. बारे मागे राहिली, पोर्ट लुईत खानावळवजा दारूचं दुकान चालवलं, एका शिपायाशी लग्न केलं आणि मग फ्रान्सला परतली. जगाची प्रदक्षिणा पुरी करणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात. कॉमेर्साँने एका झाडाला तिचं नाव द्यायचं ठरवलं होतं, ते टिकलं नाही. अखेर २०१२ साली दक्षिण अमेरिकेतल्या एका रिंगणीवर्गीय वेलीला ‘सोलॅनम बारेटी’ हे नाव मिळालं. तेवढ्यासाठी सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला!

तिची गोष्ट वाचली की मला सिकंदरबागेच्या चौकातला पुतळा आठवतो. १६ नोव्हेंबर १८५७ ला इंग्रज सेनापती कॅम्पबेलच्या फौजेने ही बाग घेतली तेव्हा आतले सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. बागेतल्या पिंपळावरून कोणीतरी अचूक गोळ्या झाडत होतं. तो नेमबाज खाली पाडल्यावर अंगरखा उघडला गेला, आणि ती बाई निघाली, असं फोर्ब्ज-मिचेल या सैनिकाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. इथला पासी समाज तिला ऊदादेवी म्हणतो आणि दर वर्षी १६ नोव्हेंबरला तिला मानवंदना देतो. एक पुरुषी वेषात झाडं गोळा करत जगभर फिरली, दुसरी पुरुषी वेषात झाडावर चढून लढली. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी बोगनवेलीच्या मांडवाखालून जाताना माझ्या मनात दोघी एकदमच येतात.

आता पांपलमूस. तिथे गेल्यावर लोक तुला थेट राक्षसी कमळाच्या तळ्याकडे नेतील. व्हिक्टोरिया अमेझॉनिका, परातीसारखी काठ वळलेली पानं. ती अवश्य बघ, फक्त पानाची खालची बाजू दिसेल अशी जागा शोध. जाड शिरांचं जाळं आणि काटे खालून असतात, आणि पान तरंगतं ते त्या जाळ्याच्या जोरावर. फूल पहिल्या रात्री पांढरं उमलतं आणि दुसऱ्या रात्री गुलाबी होतं. मग तालीपॉट माड बघ. हा आपल्या मलबार-श्रीलंकेकडचा. तीस ते ऐंशी वर्षं वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. लहान मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बजरबट्टू बांधायचे, त्या याच्याच बिया.

पण कमळापुढे थांबून परत फिरू नकोस. जायफळ आणि लवंग शोध. प्वाव्रने ती बाग वाढवली ती त्यांच्यासाठी. जायफळ-लवंगेचा व्यापार डच लोकांनी मोलुक्का बेटांत मुठीत धरला होता, आणि बाहेरच्या कोणाला रोप मिळू नये म्हणून ते झाडं तोडत. प्वाव्रने जहाजं पाठवून रोपं आणि बिया चोरून आणवल्या. १७७० मध्ये त्या बेटावर पोचल्या आणि पांपलमूसमध्ये रुजल्या. तिथून आणि शेजारच्या रेयुनियाँ बेटावरून लवंग पुढे झांजिबारला गेली, आणि झांजिबारची लवंग मुंबईच्या बाजारात आली. आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंग एवढा प्रवास करून आली आहे. आणि झांजिबारला तिच्या बागा उभ्या राहिल्या त्या गुलामांच्या मजुरीवर, हेही त्या झाडापाशी उभी असताना विसरू नकोस.

झाडांबरोबर माणसंही उपटून नेली गेली, मृण्मयी. २ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून ३६ गिरमिटिया मजूर घेऊन ‘अ‍ॅटलास’ जहाज पोर्ट लुईला लागलं, आणि मग उसाच्या मळ्यांसाठी लाखो माणसं गेली. त्यांतली कितीतरी माझ्या इथल्या राज्याच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांतली. बलिया, गाझीपूर, आझमगढ ही नावं तिथल्या जुन्या कागदांत जागोजाग सापडतात. मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली. त्यांत आपले रत्नागिरी-साताऱ्याकडचे लोक होते. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणून नांदतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. हे मजूर जिथे उतरत तो पोर्ट लुईतला आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. बागेच्या आधी तिथे जा. त्या पायऱ्या बघितल्यावर बागेतल्या उसाकडे वेगळ्या डोळ्यांनी बघशील. आणि बागेत वाटाड्या घेतलास तर त्याचं आडनाव विचार. मराठी निघालं तर त्याच्याशी मराठीतच बोल, अडखळला तरी बोल.

माझ्या व्हरांड्यातली ती बुटकी कुंडी तुला आठवत असेल, जिच्यावर मी थंडीत रात्री कापड टाकते. तो बॉटल पाम. लखनौच्या नर्सरीत उंच, सरळ, पांढुरक्या खोडाच्या रॉयल पामलाही बॉटल पामच म्हणतात, आणि रस्त्याकडेला दिसतात ते बहुधा तेच. खरा बॉटल पाम माझ्याकडचा. खोड बुंध्याशी फुगलेलं, करडं, गुळगुळीत; हात फिरवला की गळालेल्या पानांच्या जुन्या वणांची कडी बोटांना लागतात. वर निमुळतं होऊन हिरवी मान, आणि मानेवर एका वेळी चार-सहाच पानं. नवं पान आलं की जुनं एक झडतं. कोवळ्या पानाच्या देठाला तांबूस छटा असते. हा माड जगभर हॉटेलांच्या दारात उभा आहे, पण त्याचं घर एकच : मॉरिशसच्या उत्तरेला समुद्रात असलेलं राऊंड आयलंड, जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा ज्वालामुखीचा खडक. तिथे खलाशांनी ससे आणि शेळ्या सोडल्या. त्यांनी एकही कोंब वर येऊ दिला नाही. मोठी झाडं म्हातारी होत गेली, आणि एक वेळ अशी आली की रानातले पूर्ण वाढलेले बॉटल पाम दहाच्याही आत आले. शेळ्या १९७९ पर्यंत काढल्या गेल्या आणि ससे १९८६ मध्ये. मग मातीत पडून राहिलेल्या बियांनी पुन्हा डोकं वर काढलं.

हे मला कळल्यापासून त्या कुंडीला पाणी घालताना मी जास्त सांभाळते. राऊंड आयलंडवर तुम्हाला जाऊ देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण पांपलमूसमध्ये हा माड मॉरिशसच्याच मातीत वाढलेला बघायला मिळेल. त्याच्या फुगलेल्या बुंध्याला माझ्या वतीने एकदा हात लाव.

आणि क्युरपीप. ते गाव पठारावर आहे, पाऊस फार, छत्री न्या. तिथल्या छोट्या वनस्पती उद्यानात एक माड आहे, हायोफोर्बी अमारिकॉलिस, म्हणजे माझ्या कुंडीतल्या माडाचा चुलतभाऊ. या जातीचं जगात हे एकच झाड उरलं आहे. त्याला फुलं येतात, पण नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे स्वतःशी त्याचं जुळणं कठीण. प्रयोगशाळेत बीजांपासून रोपं करून पाहिली, ती टिकली नाहीत. हे झाड कोसळलं की ती जात संपली. आधी डचांनी एबनीसाठी, मग उसासाठी सगळ्यांनी बेट साफ केलं. चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल आज दोन टक्क्यांच्या आत उरलंय. डोडोसाठी सगळं जग हळहळतं. हा माड अजून जिवंत आहे, तुझ्या हॉटेलपासून टॅक्सीने जाण्याच्या अंतरावर आहे, आणि तो तुझ्या वेळापत्रकात नाही, याचं मला वाईट वाटलं. त्याच्यासाठी बोटीची एक फेरी सोडलीस तरी काही बिघडणार नाही.

रस्त्यात गुलमोहर फुललेला दिसेल. आपल्याकडे तो मे महिन्यात फुलतो, तिकडे डिसेंबर हाच उन्हाळा. त्याची ओळख शास्त्राला करून दिली ती बोजेर नावाच्या मॉरिशसवासी वनस्पतिशास्त्रज्ञाने. मादागास्करमध्ये त्याला तो १८२८च्या सुमारास दिसला. त्याआधी पुण्या-लखनौत गुलमोहर नव्हता, आणि आता तो आपल्या उन्हाळ्यातून काढताच येत नाही. इथे सध्या शेवंती आणि कोलियसच्या प्रदर्शनाची गडबड आहे. माळी रोज पहाटेपासून कुंड्या पुसताहेत, वाकलेल्या फुलांना काड्या बांधताहेत.

एक सक्त सूचना. येताना कुठलंही बी, फांदी, कंद, मुळी पर्समध्ये टाकून आणू नकोस, मावशीला आवडेल म्हणून तर मुळीच नको. कायद्याने बंदी आहे, आणि त्या दोन चौरस किलोमीटरच्या खडकाचं एवढ्या-तेवढ्या सशांनी काय झालं ते तू वर वाचलंसच. मला फक्त फोटो पाठव. पांपलमूसमधल्या पाट्यांचे, त्यांवरचं मूळ ठिकाण वाचता येईल असे. क्युरपीपच्या माडाचा फोटो मात्र खोडाचा, जमिनीलगतचा काढ. शेंड्याचे सगळेच काढतात.

जावईबापूंना आशीर्वाद, ताईला नमस्कार. तिला म्हणावं, जानेवारीत गुलाब-ग्लॅडिओलसचं प्रदर्शन आहे, तिकीट आत्ताच काढून ठेव.

तुझी,
शैलामावशी