घर पिट्सबर्गास, चाकरी न्यूयॉर्कास

आमच्या लहानपणीं गांवच्या शाळेचे मास्तर दोन कोसांवरच्या वाडींत राहत व रोज पायीं येत. पावसाळ्यांत ओढ्यास पाणी आलें कीं मास्तरांना उशीर होई आणि आम्हां मुलांना आनंद होई. पुढें आम्हीं स्वतः तीस-बत्तीस वर्षें मास्तरकी केली, पण ती शाळेपासून हांकेच्या अंतरावर बिऱ्हाड करून. त्यामुळें कामावर जाणें हाच एक स्वतंत्र प्रवास असूं शकतो, आणि तो प्रत्यक्ष कामाहूनही अवघड असूं शकतो, हें कळण्यास आम्हांस साठी उलटावी लागली व सातासमुद्रांपलीकडे जावें लागलें.

गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत आम्ही चार महिने अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें भाच्याकडे राहून आलों. भाचा श्रीधर हा वैमानिक आहे. त्याची आई, म्हणजे आमची वडील बहीण अक्का, यजमानांच्या पश्चात् त्याच्याजवळच असते. शहर मोठें देखणें. आलेघेनी व मोनोंगाहेला ह्या दोन नद्यांचा तेथें संगम होतो, आणि संगमापासून पुढें त्यांस ओहायो हें तिसरेंच नांव मिळतें. एके काळीं पोलादाच्या कारखान्यांच्या धुरानें काळवंडलेलें हें गांव आज हिरव्या टेकड्यांमुळें व पुलांमुळें प्रेक्षणीय झालें आहे. पेन हिल्स भागांत टेकडीवर १९७६ सालीं प्रतिष्ठापना झालेलें श्रीवेंकटेश्वराचें मंदिर आहे. अक्काचा वेळ त्याच्या आधारानें सुखांत जातो. असें बिऱ्हाड सोडून कोणास जावेंसें वाटेल? श्रीधरासही वाटत नाहीं. परंतु त्याची चाकरी आहे न्यूयॉर्कास!

दोहोंमधील हवाई अंतर सुमारें ५५० किलोमीटर. पुण्यास संसार थाटून हैद्राबादेस नोकरी करावी त्यांतलाच हा प्रकार. आम्ही चकित झालेले पाहून श्रीधर हंसला. "मामा, मी तर जवळचाच. माझ्या सोबत्यांत फ्लोरिडाहून येणारे आहेत, पार पश्चिम किनाऱ्यावरून येणारेही आहेत." त्या देशांत वैमानिकानें कोणत्या विमानतळावरून काम करावें हें नोकरींतील ज्येष्ठतेवर ठरतें. नवख्यांच्या वांट्यास बहुधा न्यूयॉर्कसारखें महागडें ठिकाण येतें. पुढें तें बदलूंही शकतें. दर वेळीं पत्नीची नोकरी व मुलांची शाळा उपटून नेणें शक्य नसतें. म्हणून घर एकीकडे ठेवून हे लोक विमानानेंच विमान चालवावयास जातात. कंपनीच्या लेखीं काम सुरू होतें तें नेमल्या विमानतळावर हजेरी लागल्यावर; तेथवर कसें यावें हा ज्याचा त्याचा प्रश्न.

ह्या येण्याजाण्यास त्यांना भाडें पडत नाहीं, पण हक्काची जागाही मिळत नाहीं. पैसे भरलेले उतारू बसल्यावर एखादी खुर्ची उरली तर ती मिळावयाची. तीही नसली तर चालकांच्या कोठडींत त्यांच्या पाठीमागें एक घडीची बैठक असते, तिला जंपसीट म्हणतात. लहान विमानांत ती एकच असते. दारावरील कारकून यंत्रावर आगंतुकाची ओळख व नोकरी पडताळून पाहतो. तथापि शेवटचा शब्द त्या विमानाच्या कप्तानाचा. म्हणून आंत जाऊन कप्तानापुढें उभें राहावें, नांव सांगावें, परवानगी मागावी व उतरतांना आभार मानावे, असा ह्या मंडळींचा शिष्टाचार आहे. विमान दहा हजार फुटांच्या खालीं असेपर्यंत त्या कोठडींत कामाव्यतिरिक्त बोलावयाचें नाहीं, हा नियम पाहुण्यासही बांधतो. पाठ चालू असतां वर्गांत आलेल्या पाहुण्यानें मुकाट बसावें तसेंच हें.

श्रीधरानें स्वतःसाठीं पांच नियम लिहून स्वयंपाकघरांतील कॅलेंडराशेजारीं चिकटवले होते. पहिला असा कीं, जेथून नोकरीच्या गांवीं सरळ व दिवसांतून पुष्कळ विमानें जातात अशाच गांवीं बिऱ्हाड करावें. मध्यें विमान बदलावें लागलें कीं संकटें दुप्पट होतात. दुसरा असा कीं, ज्या विमानानें जावयाचें तें हुकलें तर मागें आणखी दोन तरी शिल्लक असावींत. तिसरा, पहांटेची हजेरी असेल तर आदल्या दिवशीं उजेडांतच निघावें. चौथा, विमानांत लागलेली डुलकी झोपेच्या हिशेबांत धरूं नये. पांचवा, सामान एकच व हलकें असावें; त्यांत स्वतःची चादर, डोळ्यांवर बांधावयाची पट्टी, कानांत घालावयाचे बोळे, घरचा डबा आणि दोन गजर.

"दोन कशाला रे?" आम्हीं विचारलें.

"एक वाजण्यासाठीं, मामा, आणि दुसरा, पहिला वाजला नाहीं तर."

कामें निवडण्याची संधि येते तेव्हां उशिरां सुरू होणारें व लवकर संपणारें काम मागावें, म्हणजे त्याच दिवशीं घरून निघतां येतें आणि त्याच दिवशीं घरीं परततां येतें, असेंही तो सांगे. परंतु तसलें काम ज्येष्ठांच्या हातून सुटून खालीं क्वचित् येतें.

आतां जें सांगावयाचें त्यांत दोष आमचा आहे, म्हणूनच तें सांगणें भाग आहे. आषाढ वद्य पंचमीस श्रीधराच्या वडिलांचें श्राद्ध होतें, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे सहा वाजतां त्याला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर हजर व्हावयाचें होतें. बारा वाजतांच्या विमानानें निघण्याचा त्याचा बेत होता. अक्का कांहीं बोलली नाहीं. तिनें डोळ्यांना पदर लावला इतकेंच. आम्हांस मात्र राहवलें नाहीं. श्राद्धास अपराह्णकाल कसा आवश्यक आहे हें आम्हीं त्याला मोठ्या अभिमानानें ऐकवलें, आणि वर म्हणालों, "विमानें काय, दोन-दोन तासांनीं आहेत. बापाची तिथि वर्षांतून एकदांच येते." तो थोडा वेळ भिंतीवरील कागदाकडे पाहत राहिला व "बरें, मामा," म्हणाला.

श्राद्ध यथासांग झालें. न्यूयॉर्कांतील आपली 'धर्मशाळा' दाखवण्यासाठीं त्यानें आमचें तिकीट आधींच काढलें होतें, तेंही सायंकाळच्या विमानाचें करून घेतलें. विमानतळावर जाऊन पाहतों तों विमान भरलेलें, आणि जंपसीटवर दुसऱ्या एका वैमानिकानें आधींच नांव लावलेलें. आमची जागा त्याला द्यावी म्हटलें, तर एकाचें तिकीट दुसऱ्यास चालत नाहीं. ज्यांचें न्यूयॉर्कास कांहींच अडलें नव्हतें ते आम्ही आंत जाऊन बसलों. ज्याच्यावाचून उद्यां विमानभर माणसांचें अडणार होतें तो दाराशीं उभा राहिला.

लाग्वार्डिया विमानतळावर उतरून आम्ही वाट पाहत बसलों. उन्हाळ्यांत तेथें सायंकाळीं गडगडाटी वादळें उठतात, आणि तीं उठलीं कीं चोहोंकडून न्यूयॉर्कास येणारीं विमानें जागच्या जागीं रोखून धरतात. मागचें विमान रद्द झालें. शेवटचें मध्यरात्रीनंतर पोंचलें. श्रीधर भेटला तेव्हां साडेबारा वाजून गेले होते.

लाग्वार्डिया व केनेडी ह्या दोन विमानतळांच्या मध्यें, क्वीन्स विभागांत, क्यू गार्डन्स नांवाची वस्ती आहे. नांव इंग्लंडांतील प्रसिद्ध उद्यानाच्या गांवावरून घेतलेलें. उतरत्या छपरांचीं जुन्या इंग्रजी धाटणीचीं घरें, विटांच्या उंच इमारती, आगगाडीचें लहानसें स्टेशन, आणि रुळांवरून जाणाऱ्या लेफर्ट्स बूलेव्हार्डच्या पुलावरच दोहों बाजूंस थाटलेलीं दुकानें. येथूनच केनेडी विमानतळास क्यू-१० ही बस जाते. विमानांवर काम करणारे लोक ह्या वस्तींत इतके उतरतात कीं गमतीनें तिला 'क्रू गार्डन्स' म्हणतात. त्यांच्या सामाईक बिऱ्हाडास 'क्रॅश पॅड' असें नांव आहे. श्रीधराच्या बिऱ्हाडीं तीन खोल्यांत बारा माणसांची सोय होती. आगगाडीसारखे एकावर एक पलंग, खिडक्यांना जाड काळे पडदे. ठराविक पलंग हवा असेल तर भाडें अधिक. रिकामा मिळेल त्यावर आपली चादर पसरावयाची असेल तर कमी. दिवसा किंवा रात्रीं कोणी ना कोणी झोपलेलें असतेंच, म्हणून सारे पाय न वाजवतां चालतात. घरमालकाच्या परवानगीनें आम्हांस त्या रात्रीपुरता एक पलंग मिळाला होता.

दीड वाजला होता. श्रीधर पलंगाच्या कडेवर बसून होता.

"पड आतां. तीन तास तरी झोप होईल," आम्ही कुजबुजलों.

"मामा, पहांटे पांचापासून मी जागा आहें, आणि उद्यांचें काम संध्याकाळपर्यंत आहे."

"मग तुमच्या कायद्यांत विश्रांतीचा कांहीं नियम नाहीं का?"

नियम आहे. २०१४ च्या जानेवारीपासून तेथें लागू असलेल्या नियमाप्रमाणें कामापूर्वीं दहा तास विश्रांति व त्यांत आठ तास अखंड झोपेची सवड वैमानिकास मिळालीच पाहिजे. परंतु श्रीधर म्हणाला, "कागदावर मी कालपासून विश्रांतीच घेत आहें. घरून येण्याचा वेळ कोणाच्याच वहींत कामाचा म्हणून मांडत नाहींत. मात्र उड्डाणापूर्वीं, मी काम करण्यास योग्य आहें, असें मला स्वतः सांगावें लागतें. तें खोटें होईल."

त्यानें तेव्हांच कंपनीस दूरध्वनि केला; दुसरा माणूस उभा करण्यास त्यांना वेळ मिळावा म्हणून पहांटेची वाट पाहिली नाहीं. पलीकडचा आवाज गोड नव्हता, हें आम्हांसही कळलें. तीन दिवसांचें काम गेलें, वेतन गेलें, आणि पुढें वरिष्ठांपुढें खुलासा करावा लागला.

सकाळीं पुलावरील एका दुकानांत चहा घेतांना त्यानें आम्हांस २००९ सालची हकीकत सांगितली. त्या वर्षीं १२ फेब्रुवारीस न्यूअर्कहून बफेलोस जाणारें विमान उतरतांना एका घरावर कोसळलें व पन्नास माणसें दगावलीं. त्यांतील सहवैमानिक बाई आदल्या रात्रीं सिएटलहून मालवाहू विमानांनीं मेम्फिसमार्गें कामावर आली होती. कप्तान फ्लोरिडांत राहणारा; त्याची रात्र विमानतळावरील नोकरांच्या खोलींत गेली होती. चौकशी मंडळानें मुख्य कारण कप्तानाची चुकीची हालचाल हें ठरवलें. थकव्यानें दोघांच्याही कामांत उणीव आली असावी, मात्र ती किती हें निश्चित सांगतां येत नाहीं, असेंही नमूद केलें. पुढें २०११ सालीं तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या विद्वानांनीं वैमानिकांस सल्ला दिला कीं, काम संपण्याच्या वेळीं आपण सोळा तासांहून अधिक काळ जागे असूं असा प्रवास आंखूं नये, व हजेरीपूर्वीं निदान सहा तास झोप घेण्याचा प्रयत्न करावा. श्रीधराचा सहाचा आंकडा आमच्यामुळें हुकला होता.

आम्हांस अधिक लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. कांहीं विघ्नामुळें तिथीस श्राद्ध न घडल्यास तें अमावास्येस करण्याची मोकळीक शास्त्रकारांनीं दिली आहे. ती आम्हांस ठाऊक होती. काळाचा निर्णय सांगतांना ती आठवली नाहीं. किंवा खरें सांगावयाचें तर आठवूं दिली नाहीं.

अक्कास काय सांगावें ह्या विवंचनेंत आम्हीं दूरध्वनि लावला. तिचे यजमान जन्मभर रेल्वेंत स्टेशनमास्तर होते. सारें ऐकून घेऊन ती श्रीधरास म्हणाली, "त्यांनीं कधीं झोपेच्या डोळ्यांनीं गाडीला बावटा दाखवला नाहीं. तूं केलेंस तें बरें केलेंस."

वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें आज अशा रात्रंदिवसाच्या कामांवर दूरदेशीं आहेत. निघालेल्या माणसास "आणखी एक घांस खा, पुढच्या गाडीनें जा," असें म्हणणें ही आपली प्रेमाची रीत. तींत वाईट कांहीं नाहीं. परंतु ज्याच्या हातीं परक्यांचे प्राण आहेत त्याच्या झोपेचा तास आपल्या आग्रहांतून कापला जात नाहीं ना, एवढें पाहावें.

आम्ही परत येण्यापूर्वीं श्रीधराची आणखी एक फेरी झाली. हजेरी पहांटेचीच होती. त्या दिवशीं अक्कानें अकरा वाजतांच पान वाढलें, त्याच्या हातावर दहीं घातलें, आणि त्यानें बूट घालण्यापूर्वींच आम्ही त्याची पिशवी घेऊन दारांत जाऊन उभे राहिलों.