पातळ पिझ्झा, जाड लोखंड

सलग चार विकांत एकाच उद्योगात घालवल्यावर आज जाहीर करायला हरकत नाही, की मला घरी पातळ पिझ्झा जमला. पातळ म्हणजे कसा? तर त्रिकोण उचलल्यावर ज्याचं टोक मान टाकत नाही, चावल्यावर तळ कुर्रकन वाजतो आणि तरीही जो खारी झालेला नसतो, असा. हॉटेलात याला थिन क्रस्ट म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी त्याचे जास्तीचे पैसे घेतात. पीठ कमी घालून पैसे जास्त घ्यायचं ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याला आपला साष्टांग नमस्कार.

दिवाळीच्या सेलमध्ये बायकोच्या आणि माझ्या एकमताने (असं वर्षातून एखाद्याच वेळी होतं) एक तीसेक लिटरचा ओटीजी घेतला होता. त्यात दोनदा केक झाला, एकदा शेंगदाणे भाजले, आणि मग तो नव्या संसारातल्या बऱ्याच वस्तूंसारखा फडक्याखाली गेला. पावसाळ्यात एका शनिवारी वाकडहून बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून फडकं काढलं.

पहिला पिझ्झा ओटीजीबरोबर आलेल्या ट्रेमध्ये केला. वरचं चीज लालसर झालं, कडा तपकिरी झाल्या, आणि तळ? पांढराफटक, ओला. दुसऱ्या वेळी म्हटलं जास्त वेळ ठेवू. वीस मिनिटं ठेवला. तळ भाजला खरा, पण तोवर अख्ख्या पिझ्झ्यातलं पाणी उडून त्याचा टोस्ट झाला होता. बायकोने तो चहात बुडवून खाल्ला, त्यामुळे फार बोलता आलं नाही. तिसऱ्या वेळी डोकं चालवलं. घरचा बिडाचा तवा उलटा करून आत ठेवला, तापवला आणि त्यावर पिझ्झा सरकवला. तळ झकास! पण उलट्या तव्याला मधे फुगवटा असतो हे लक्षात आलं नाही. सगळं चीज डोंगरावरून उतरावं तसं चारी बाजूंनी उतरलं आणि खालच्या रॉडवर जाऊन जळालं. शेजारच्या काकू धूर बघून विचारायला आल्या.

पण त्या फसलेल्या पिझ्झ्यानेच उत्तर दिलं होतं. मामला पिठाचा नाही, बुडाच्या उष्णतेचा आहे.

नेपल्सला लाकडाच्या भट्टीत चारशे अंशांच्या पुढे तापमान असतं आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कसबाला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या संघटनेच्या नियमांत लाटणं चालत नाही, पीठ हातानेच पसरायचं. पण आपल्याला हवा तो कुरकुरीत पिझ्झा खरा रोमचा. तिथे पिठात थोडं तेल घालतात आणि चक्क लाटण्याने लाटतात. हे वाचल्यावर मला रोमबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. हवेत गरगर फिरवणं आपल्या बापजन्मात जमणार नाही, लाटणं मात्र घरात तीन आहेत.

आता आपला ओटीजी २५० च्या पुढे जात नाही. पण सगळी गोम तापमानात नाही, ती उष्णता किती भराभर पिठात शिरते यात आहे. पोलादाची उष्णतावाहकता साधारण ५०, विटेची १ च्या आसपास. म्हणजे वीट तापलेली असली तरी उष्णता सावकाश सोडते, लोखंड भसकन सोडतं. पिझ्झा भाजण्याच्या भौतिकशास्त्रावर २०१८ साली काही शास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला होता. त्यात हाच हिशोब आहे: विटेच्या भट्टीत ३३० अंशांना जे होतं ते पोलादावर २३० अंशांना साधारण तसंच होतं. २३० आपल्याकडे आहेत! म्हणजे हवी फक्त एक सपाट, जाड लोखंडी प्लेट. परदेशात ही पिझ्झा स्टील म्हणून तयार मिळते. इथली ऑनलाइन किंमत बघून मी लॅपटॉप मिटला.

आणि मग मला आठवलं की माझा बाप टर्नर आहे.

इथे थोडं विषयांतर करतो. आण्णांनी कोल्हापुरात उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर काढली. गेल्या वर्षी थांबले. डोळ्यांनी मायक्रोमीटर दिसेना म्हणून स्वतःच थांबले, असं ते सांगतात. आई म्हणते, रोज सकाळी दहाला आंघोळ करून त्याच गल्लीत जातात, चहा पितात आणि जेवायला परत येतात. आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं. "काम हाय न्हवं?" "हाय." "बरं. आईला देतो." फोनमध्ये कालावधी बघितला तर पन्नास सेकंदांच्या वर सहसा जात नाही. त्यांना माझं काम कळत नाही आणि मी कधी सांगितलंही नाही.

मी मेकॅनिकलला होतो. (हसू नका. हिंजवडीत दगड मारला तर मेकॅनिकलवाल्याला लागेल.) पोरगं मेकॅनिकल इंजिनिअर होणार म्हणून आण्णांनी गल्लीत पेढे वाटले होते. २०१५ साली पहिल्या वर्षाला वर्कशॉपचा विषय होता. त्यात फिटिंगचा जॉब: लोखंडाचे दोन तुकडे हॅकसॉने कापायचे, कानशीने घासायचे आणि एकमेकांत असे बसवायचे की मधून उजेड दिसता कामा नये. दोन दिवस घासून माझ्या हाताला फोड आले आणि कोपरा काही काटकोनात येईना. कॉलेजबाहेर एका गाळ्यात तयार जॉब मिळायचे. अर्ध्या वर्गाने तिथूनच घेतले होते. मीही घेतला, अडीचशे रुपयांना. चौतीस वर्षांतली तेव्हा पंचवीसेक वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाचा पोरगा, त्याच माणसाने पाठवलेल्या पैशातून जॉब विकत घेतो. मार्क चांगले मिळाले.

सुट्टीला मी तो घरी नेला. का नेला देव जाणे, शाबासकी हवी असणार. आण्णांनी दोन्ही तुकडे जोडून खिडकीसमोर धरले. उजेड नव्हता. मग वेगळे करून कडेवरून अंगठा फिरवला. "बरं हाय," म्हणाले, आणि लाइटबिलांवर वजन म्हणून ठेवून दिला. तो अजून तिथेच आहे. पुढे कॅम्पसमधून सॉफ्टवेअरची नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "बरं झालं, हात काळं व्हायचं न्हाईत."

असो. तर मी फोन केला आणि नेहमीचा "हाय" म्हणायच्या ऐवजी म्हटलं, "आण्णा, एक प्लेट पायजे होती. लोखंडाची."

"किती एमएम?"

काय, कशाला, काही नाही. आधी जाडी. मी म्हटलं सहा चालेल. मग कशाला ते सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न सुरू झाले. किती तापणार? वर किती वजन? एकदम गार पीठ पडणार म्हणजे वाकणार का? ओटीजीची जाळी किती किलो घेते? ते मला ठाऊक नव्हतं. "मग सहा कशावरनं ठरवलंस?" म्हणाले. "आठ घे. उष्णता धरून ठेवंल. आणि जस्ताचा पत्रा कुणी दिला तर घेऊ नगंस, तापला की वाईट. साधं एमएस. आणि आत मापं घे, चारी कडंनं हवा खेळायला जागा सोड." फोन ठेवल्यावर बघितलं. बावीस मिनिटं.

मापं ठरली: २८ बाय २८ सेंटीमीटर. आण्णांचा त्यानंतर चार वेळा फोन आला. तुकडा मिळाला. कापला. मग कळलं की ते प्लेट सरफेस ग्राइंडिंगला घेऊन गेलेत.

"आण्णा, पिझ्झा भाजायचाय. एवढी सपाट कशाला?"

"तव्यावर चीज वघळलं म्हणालास न्हवं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही बाजू ग्राइंड होऊन प्लेट साडेसात एमएमची राहिली, वजन साडेचार किलोच्या थोडं वर. पुढच्या शुक्रवारी रात्री आई आणि आण्णा यष्टीने आले. पिशवीत भडंग, तांबड्या रश्श्याचा मसाला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती प्लेट. तेल लावलेली, आरशासारखी. बायको म्हणाली, "यावर पिझ्झा ठेवायचा की शोकेसमध्ये ठेवायची?" मी हातात घेतली आणि ओरडलोच. चारी कडा तशाच कापलेल्या, धारदार, बर लोंबत असलेला. एवढी सपाटी करणारा माणूस कडा विसरेल?

आण्णांनी पिशवीच्या तळातून कानस काढली. जुनी, लाकडी मुठीची. "कडा तू मार," म्हणाले.

शनिवारी सकाळी बाल्कनीत बसलो. घरात व्हाइस कुठला असणार? आण्णांनी स्टुलावर पोतं टाकलं, त्यावर प्लेट ठेवली, कड दोन बोटं बाहेर काढली आणि स्वतः प्लेटवर बसले. "मी हाय व्हाइस. चल." मी घासायला लागलो. दोन मिनिटांत हात उचलून माझा दंड धरला. मागं ओढताना दाबायचं नाही, दात मरतात. पुढं जाताना दाब, मागं येताना उचल. कानशीला खडू लाव, मग चुरा अडकत नाही. एक कड व्हायला पाऊण तास लागला. दुसऱ्या कडेला मी खाली बघतच म्हटलं, "आण्णा, तो पहिल्या वर्षाचा जॉब मी विकत आणला होता."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "मिलिंगच्या रेघा हुत्या."

मी थांबलो होतो बहुतेक, कारण ते म्हणाले, "थांबू नगंस. कोपरा ऱ्हायलाय."

दुपारी दोनला चारी कडा झाल्या. आण्णांनी डोळे मिटून चारी बाजूंनी अंगठा फिरवला, एका कोपऱ्यावर परत आले आणि कानस माझ्या हातात दिली. तो कोपरा पुन्हा केला. हाताला फोड आले होते, दहा वर्षांपूर्वी आले होते तिथेच.

आता ज्यांना करून बघायचाय त्यांच्यासाठी. २५० ग्रॅम मैदा, १५० मिली पाणी, ५ ग्रॅम मीठ, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, दोन चमचे तेल. मळून चोवीस तास फ्रीजमध्ये. आम्ही शुक्रवारी रात्रीच भिजवलं होतं. घाई असेल तर यीस्ट वाढवून दोन तासांत होतं, पण चव येत नाही. बाहेर काढून तीन गोळे, दोन तास झाकून ठेवायचे. टोमॅटो चिरून मीठ लावून चाळणीत, आपल्या टोमॅटोला पाणी फार; हे केलं नाहीत तर बाकी सगळं वाया. वर चीज मूठभर आणि एखादीच भाजी. पातळ पिझ्झ्यावर भाजी मंडई भरवू नका. प्लेट नव्या तव्यासारखी तेल लावून दोन-तीनदा तापवून घ्या, नाहीतर पुण्याच्या हवेत दोन दिवसांत गंज धरते.

आणि प्लेट तापायला पाऊण तास द्या. मी गणित केलं होतं: साडेचार किलो लोखंड, दीड किलोवॉटचा ओटीजी, २५० अंशांना सहा मिनिटांत पोचायला हवं. आमच्या ऑफिसातली एस्टिमेट्स अशीच निघतात.

पिझ्झा आत सरकवायला रवा घेतला होता. आईने तो बाजूला केला आणि तांदळाचं पीठ भुरभुरलं. पातळ प्लायवूडच्या तुकड्यावरून एका हिसक्यात गेला. सहा मिनिटं. आम्ही चौघं ओटीजीच्या काचेसमोर वाकून उभे, आत दिवा.

बाहेर आल्यावर बायकोने वरून फोटो काढला. आण्णांनी उलथन्याने कड उचलून खालून बघितलं. तपकिरी ठिपके, भाकरीला पडतात तसे. आई म्हणाली, "भाकरीच की ही, वर चीज." आण्णांनी एक घास खाल्ला, कुर्र आवाज आला, दुसरा खाल्ला. मग म्हणाले, "डाव्या अंगाला फिक्कं हाय. तुझा रॉड सारखा तापत न्हाई. अर्ध्यात फिरवायला पायजे." दुसरा अर्ध्यात फिरवला. तिसऱ्यावर आईने रश्श्याचा मसाला आणि कांदा घातला. तो सगळ्यात आधी संपला.

रविवारी ते दोघं गेले. कानस इथेच राहिली.

परवा बुधवारी दुपारी मीटिंगमध्ये असताना आण्णांचा फोन. बाहेर येऊन उचलला. दहा एमएम अल्युमिनियमचा तुकडा बघून ठेवलाय म्हणे. वजनाला लोखंडाच्या तिसरा हिस्सा, आणि उष्णता चौपट वाहते, नेटवर वाचलं. मी म्हटलं, बघू या की. मग मीटिंग कसली चाललीय असं त्यांनी विचारलं आणि मी सांगायला लागलो. सर्व्हर म्हणजे काय इथपासून. आत माझं नाव पुकारलं तेव्हा म्हटलं, "ठेवतो आण्णा. आणि कडा मारू नका."