भीड, दोन लाख आणि तीन वर्षं

कर्जत-खालापूर म्हटलं की आमच्या ऑफिसात सगळ्यांना वीकेंड, फार्महाऊस आणि गरमागरम भजी आठवतात. आमच्या घरात मात्र एकच विषय निघतो : बाबांचे दोन लाख!

खालापूर तालुक्यात राहणाऱ्या एका जुन्या मित्राला घराच्या कामासाठी बाबांनी हातउसने दिले. चेकने, पण कागद नाही. ‘मित्राची कसली सही घ्यायची?’ मग गणपती झाले, दिवाळी झाली. मी विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘‘देईल गं, पळून थोडाच जातोय!’’ असं करत अडीच वर्षं गेली.

ऑफिसातल्या लीगलवाल्या मैत्रिणीला हे सांगितलं. तिने रक्कम विचारलीच नाही, विचारली ती चेकची तारीख. १९६३च्या लिमिटेशन अ‍ॅक्टनुसार उसन्या पैशांच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. तीही पैसे दिल्यापासून, मागितल्यापासून नाही! ‘मागशील तेव्हा देईन’ असं ठरलं असलं तरीही. मुदत टळली की समोरचा गप्प बसला तरी कोर्ट दावा फेटाळतं.

‘मग पोलिसांत जाऊ,’ असं आपल्याला वाटतं. पण नुसती उधारी थकवणं हा गुन्हा नाही. शिवाय गुन्ह्यांचं घड्याळ वेगळं. फक्त दंडाची शिक्षा असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षं. त्याहून गंभीर गुन्ह्यांना मुदतच नाही. जुना फौजदारी संहितेतला हा नियम जुलै २०२४पासूनच्या नव्या कायद्यातही कायम आहे.

आमच्यासाठी उपाय साधा होता. तीन वर्षं संपण्याआधी ‘एवढे पैसे देणं आहे’ असं लिहून, तारीख घालून सही घ्यायची. त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू.

रविवारी खोपोली लोकल पकडून आम्ही गेलो. बाबांच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून कागद मीच पुढे केला. काकांनी वाचून सही केली आणि बाबांना म्हणाले, ‘‘अरे, तुला तोंड दाखवायची लाज वाटायची, म्हणून तुझा फोन घेत नव्हतो.’’

पैसे अजून आलेले नाहीत. फोन मात्र दर रविवारी येतो.

भीड भिकेची बहीण म्हणतात. ती मैत्रीही खाते, हे मला खालापुरात कळलं. तुमचेही कुणाकडे अडकलेत? आधी तारीख बघा.